इतिहास बदलायला निघालेल्या बाई

मराठी भाषेत एक अत्यंत लहान आणि तितकाच खोडकर शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'जर'. हा एकदा का मनुष्याच्या मनात शिरला, की त्याला धड झोप लागू देत नाही. जर परीक्षेच्या आदल्या रात्री आणखी एक धडा वाचला असता! जर त्या दिवशी पावसाची पर्वा न करता बाहेर पडलो असतो! जर वडील असताना त्यांच्याशी आणखी चार शब्द बोललो असतो! आमच्या आजीजवळ या दुखण्यावर एक रामबाण औषध होते. घरात कोणी 'जर'चा पाढा म्हणू लागला, की ती शांतपणे म्हणे, "आत्याबाईला मिशा असत्या, तर तिला काका म्हटले असते!" एवढ्यानेच घरातील सगळे 'जर' गप्प बसत.

परंतु शाळेत, आणि त्यातही इतिहासाच्या तासाला, हे औषध चालत नाही. आम्ही ग्वाल्हेरीस अनेक वर्षे इतिहास शिकवीत आलो आहोत, आणि आमचा अनुभव असा, की पानिपतचा धडा आला म्हणजे एरवी खिडकीबाहेर रमणारी मुलेसुद्धा सरसावून बसतात. त्याला कारणही तसेच आहे. ज्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर या प्रांती आले, अशा घरांतील मुले आमच्या वर्गात बसतात. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, जनकोजी व तुकोजी पानिपताच्या संग्रामात गेले, हे वाक्य त्यांना पुस्तकातील वाटत नाही, घरातील वाटते. मग धडा संपतो न संपतो तोच हात वर होतात. "सर, विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर?" "सर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर?" या मुलांना आत्याबाईच्या मिशांची गोष्ट सांगण्याचे धैर्य आम्हांला आजवर झालेले नाही.

अशाच एका 'जर'च्या मागे धावलेल्या एका शिक्षिकेची कथा अलीकडे आमच्या पाहण्यात आली. आमच्या पुतण्याने एके रविवारी संगणकावर ती आम्हांला दाखविली. इंग्लंडमध्ये बी.बी.सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' नावाची एक दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. डॉक्टर म्हणून ओळखला जाणारा एक विक्षिप्त वृद्ध गृहस्थ कालप्रवास करणाऱ्या एका यंत्रातून हिंडतो, अशी तिची कल्पना. हे यंत्र बाहेरून रस्त्यावरच्या पोलिसांच्या निळ्या पेटीएवढे आणि आतून मात्र वाड्याएवढे ऐसपैस! मुलांना इतिहास व विज्ञान यांची गोडी लागावी, असाही एक हेतू आरंभी या मालिकेमागे होता. म्हणून डॉक्टरांच्या सोबतीला त्यांची नात सुसान आणि तिच्याच शाळेतील दोन शिक्षक दिलेले होते. इयान हे विज्ञानाचे शिक्षक, आणि बार्बरा राइट या इतिहासाच्या बाई.

या मालिकेत जॉन लुकारॉटी यांनी लिहिलेले 'दि ॲझटेक्स' हे चार भागांचे नाट्य मे-जून १९६४ मध्ये दाखविण्यात आले. चित्र काळे-पांढरे, मंदिरे व पर्वत पडद्यावर रंगविलेले. आजच्या मुलांना कदाचित हसू येईल. आमचा पुतण्या तर पहिली पाच मिनिटे हसतच होता. पुढे मात्र तो गप्प झाला. आम्ही तर आरंभापासूनच गप्प होतो, कारण इतिहासाचा शिक्षक खुद्द इतिहासात जाऊन पडला तर काय करील, हे पाहण्याची संधी आमच्या व्यवसायातील माणसाला वारंवार मिळत नाही.

कथा अशी आहे. यंत्र मेक्सिकोतील ॲझटेक लोकांच्या एका थडग्यात उतरते. तेथील मृत पुरोहिताच्या हातचे कडे बार्बराबाई कुतूहलाने हातात घालतात आणि बाहेर येतात. तोच लोक त्यांना येटाक्सा या पुरोहिताचा पुनर्जन्म समजून देवतेच्या आसनावर बसवितात. थडग्याचे दार मागे बंद होते. परत जाण्याचा मार्ग नाही, आणि हाती मात्र अमर्याद अधिकार! बाईंनी या लोकांचा अभ्यास केलेला आहे. त्यांची स्थापत्यकला, त्यांचे ज्योतिष, त्यांची फुलांची आवड, हे सर्व त्यांना ठाऊक आहे. आणि ते देवापुढे माणसे बळी देतात, हेही ठाऊक आहे. पुढे स्पेनचे लोक येऊन या संस्कृतीचा समूळ नाश करणार आहेत, हेही त्यांनी वर्गात कितीदा तरी शिकविलेले असणार. त्यांच्या मनात विचार येतो, की ही नरबळीची चाल आपण आज आपल्या शब्दाने बंद केली, तर उद्या येणाऱ्या परक्यांना या लोकांत तिरस्कार करण्याजोगे काही आढळणार नाही, आणि एक सुंदर संस्कृती वाचेल. डॉक्टर त्यांना कळवळून बजावतात, की इतिहासात हात घालू नका. परंतु बाई ऐकत नाहीत. आम्हांला विचाराल तर, ज्या शिक्षकाला असा मोह होणार नाही, त्याने इतिहास शिकवूच नये.

पहिला प्रसंग लगेच येतो. पाऊस पडावा म्हणून एका तरुणाचा बळी द्यावयाचा असतो. सुरी वर उचललेली आहे. देवतेच्या आसनावरून बाई आज्ञा करतात, की हा बळी होणार नाही. सारे स्तब्ध होतात. आणि मग ज्याचे प्राण वाचले, तो तरुणच संतापून उठतो. आपला सन्मान या देवतेने हिरावून घेतला, असे त्याला वाटते. तो स्वतः होऊन मंदिराच्या उंच कड्यावरून खाली उडी घेतो. आणि त्याच क्षणी आकाशात गडगडाट होऊन पाऊस कोसळू लागतो! बळीचा कैवारी पुरोहित ट्लोटॉक्सल याला याहून अधिक काय हवे? मरण आले आणि त्याबरोबर पाऊस आला, हे त्याने सर्वांना दाखवून दिले.

या ठिकाणी आम्ही पुतण्याला चित्र थांबवायला सांगितले. लेखकाने एका प्रसंगात केवढी मोठी गोष्ट सांगितली होती! इतिहास ही केवळ राजांच्या आज्ञांची रांग नव्हे. तो लोकांच्या मनात असतो. ज्याला वाचवावयाचे त्याच्याही मनात असतो. मन तेच राहिले आणि वरून हुकूम मात्र बदलला, तर तो हुकूम पावसाच्या पहिल्या सरीत वाहून जातो.

पुढील सर्व कथा येथे सांगत नाही. त्यात डॉक्टर बागेतील कॅमेका नावाच्या प्रौढ स्त्रीसाठी भोळेपणाने कोकोचे पेय तयार करतात आणि तेथील रिवाजाप्रमाणे तो वाङ्निश्चयच ठरतो, असा एक गमतीचा भागही आहे. शेवटी सूर्यग्रहणाचा दिवस उजाडतो. मोठा बळी द्यावयाचा असतो. डॉक्टर व त्यांची मंडळी कप्पी-दोराच्या साह्याने थडग्याचे दार उघडून निसटतात, आणि इकडे ट्लोटॉक्सलची सुरी उगारली जाते. सूर्य पुन्हा प्रकाशू लागतो. काही म्हणता काही बदललेले नाही.

नाही म्हणायला एक गोष्ट बदलली. ज्ञानाचा पुरोहित ऑटलॉक याने बाईंचे बोलणे मनापासून ऐकले होते. देवाला माणसाचे रक्त खरोखर हवे असते का, हा प्रश्न त्याला छळू लागला, आणि अखेरीस तो आपले पद व वैभव टाकून सत्याच्या शोधात रानात निघून गेला. बाई खचून जातात, तेव्हा डॉक्टर त्यांची समजूत घालतात ती एवढ्यावरच: संस्कृती वाचली नाही हे खरे, पण एका माणसाला चांगली वाट सापडली.

हे सांत्वन आम्हांला प्रथम अपुरे वाटले. एवढी मोठी नगरी बुडाली, आणि हाती आला एक माणूस! त्या रात्री आम्ही ॲझटेकांच्या अखेरीचा वृत्तान्त पुन्हा वाचावयास काढला. हेर्नान कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ पाचशेच्या आसपास सैनिक होते. तेनोच्तित्लान ही ॲझटेकांची राजधानी सरोवराच्या मध्यभागी बांधलेली, युरोपातील मोठ्या शहरांच्या तोडीची. पाचशे माणसांनी ती जिंकली, असे म्हणणे म्हणजे अर्धवट इतिहास सांगणे होय. कोर्तेसबरोबर त्लाश्कालाचे हजारो योद्धे होते. ॲझटेकांच्या जाचाला कंटाळलेले त्यांचे शेजारीच त्याला येऊन मिळाले होते. परक्यांजवळ पोलादी तलवारी, घोडे व तोफा होत्या. सोन्याचा लोभ तर होताच. आणि या सर्वांहून भयंकर असा एक शत्रू १५२० मध्ये आला, तो म्हणजे देवीचा रोग. त्या लोकांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. मोंतेझुमाच्या मागून गादीवर आलेला क्वित्लावाक हा राजासुद्धा थोड्याच दिवसांत देवीने दगावला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी नगरी पडली.

आता वाचकांनीच सांगावे, बाईंच्या आज्ञेने नरबळी बंद झाला असता, तरी यांतील कोणते कारण टळले असते? देवीचे जंतू काही चांगल्या चालीरीती पाहून परत फिरत नाहीत. शेजाऱ्यांचे वैर कदाचित थोडे निवले असते. सोन्याचा लोभ निवला नसता. इतिहास हा एका दोराने बांधलेला नसतो. पुष्कळ दोर एकत्र वळून त्याचा दोरखंड झालेला असतो, आणि बाईंच्या हाती त्यांतला एकच धागा आला होता.

हे सर्व डोक्यात घोळत असतानाच वर्गात पानिपतचा धडा आला. आमच्याच भाषेत डॉ. जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या नावाची एक सुरेख कथा लिहिलेली आहे. तिचे नायक इतिहासाचे प्राध्यापक असून ते अशा एका जगात जाऊन पोहोचतात, की जेथे ती गोळी विश्वासरावांना न लागता निसटती गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. ही कथा आम्ही मुलांना सांगितली, बार्बराबाईंचीही सांगितली, आणि मग प्रत्येकाला एक कागदाचा कपटा दिला. "समजा, ते यंत्र तुम्हांला मिळाले. पानिपतावर जाऊन फक्त एक गोष्ट बदलता येईल. कोणती बदलाल, ते एका ओळीत लिहा," असे सांगून आम्ही स्वस्थ बसलो.

चिठ्ठ्या वाचताना मोठी मौज आली. एकाने विश्वासरावांना चिलखत दिले होते. दुसऱ्याने भाऊसाहेबांना हत्तीवर दोराने बांधून ठेवले होते, म्हणजे अंबारी रिकामी दिसून सैन्याचा धीर सुटावयाला नको! ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला, तेव्हा नदीला पूर आणावा, असे एका मुलीने लिहिले होते. एकाने सुरजमल जाटाची समजूत घालण्याचे काम स्वतःकडे घेतले होते, आणि एका गुबगुबीत चिरंजीवांनी यंत्रातून शंभर पोती गहू नेण्याचे ठरविले होते. आम्ही त्यांना म्हणालो, "बाळ, तुझी सूचना सर्वांत शहाणपणाची आहे; पण तेथे लाखाच्या घरात माणसे उपाशी होती. शंभर पोती एका वेळेलासुद्धा पुरावयाची नाहीत." मग एकेक चिठ्ठी घेऊन आम्ही फळ्यावर कारणे मांडीत गेलो. तुटलेली रसद, रिकामा खजिना, बरोबरचे यात्रेकरू व बायकामुले, उत्तरेत मित्र न उरणे, गोविंदपंत बुंदेल्यांचा डिसेंबर १७६० मधील मृत्यू. एक कारण पुसले तरी बाकीची तशीच उभी. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस फळ्यावरून हलेना. मुलांचे चेहरे उतरू लागले.

शेवटची चिठ्ठी मागच्या बाकावरील एका मुलीची होती. तिच्या घरी मराठी बोलत नाहीत. ती आमच्या शाळेतच मराठी शिकली. तिने लिहिले होते, "राणेखानाला आणखी एक बैल द्यावा."

राणेखान कोण, हे ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगावे लागत नाही; इतरांसाठी सांगतो. पानिपताहून माघार घेताना महादजी शिंदे यांच्या पायावर शत्रूचा जबर घाव बसला आणि ते तसेच पडून राहिले. तेव्हा राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या मनुष्याने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे सुरक्षित पोहोचविले, असे परंपरेने सांगतात. महादजींचा पाय जन्माचा अधू झाला. पण जीव वाचला. पुढे ते राणेखानाला 'भाई' म्हणत, आणि हा भिस्ती त्यांच्या फौजेतील एक मोठा सेनानी झाला. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हाती घेतली, तेव्हा पुढे होते ते हेच महादजी. त्यांच्यामागून दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली, तेच आजचे आमचे लष्कर.

आम्ही त्या मुलीला विचारले, "एकाच बैलाने काय होणार?" ती उभी राहून म्हणाली, "सर, एक माणूस आणखी घरी आला असता."

वर्ग शांत झाला होता. आम्हांलाही काही सुचेना. भाऊसाहेबांची चूक, अब्दालीची चतुराई, राजकारणाचे डावपेच, या सर्वांवर आम्ही अर्धा तास बोललो होतो. आणि या मुलीने आम्हांला रणांगणावरून हाताला धरून बाजूला नेले होते, जेथे पाणी वाहणारा एक मनुष्य आपल्या बैलाकडे आणि जखमी माणसाकडे आळीपाळीने पाहत उभा होता. पानिपत जिंकावे, असे त्याच्या मनातही आले नसेल. दिल्ली पुन्हा मिळेल, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ कालप्रवासाचे यंत्र नव्हते. त्याला समोर एक माणूस दिसला आणि त्याने त्याला उचलले. डॉक्टरांचे ते सांत्वन आम्हांला त्या क्षणी पुरते समजले.

ते समजण्याची आम्हांला गरजही होती, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्या शाळेत पूर्वी एकेका इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या असत. बाके अपुरी पडत म्हणून मुले खिडकीत बसत. आता एका तुकडीतही मागच्या रांगा रिकाम्या राहतात. मराठी घरांतील आईबाप आमच्याकडे येतात आणि अत्यंत शुद्ध मराठीत सांगतात, की मुलाच्या भवितव्याचा विचार करून त्याला दुसऱ्या शाळेत घालीत आहोत. त्यांचा राग आम्हांला येत नाही. त्यांच्याही पुढे पुष्कळ दोरांचा एक दोरखंड आहे. परंतु शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात फळा पुसताना कधी कधी मनात येते, की आपण कोणत्या भरतीपुढे हात पसरून उभे आहोत? दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी या गावात आलेली ही भाषा आणखी पन्नास वर्षांनी येथे कोणाच्या तोंडी असेल? बार्बराबाई त्या आसनावर बसून उद्याच्या नाशाकडे पाहत होत्या, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची आम्हांला थोडीफार कल्पना आहे.

ही भरती आम्ही थोपवू, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. पण त्या दिवसापासून फळा पुसताना आम्ही हिशेब वेगळ्या रीतीने मांडतो. किती मुले गेली, हे मोजण्याऐवजी आज कोणाच्या मनात एखादा प्रश्न जागा झाला, ते आठवून पाहतो. ज्या घरी मराठी नाही, त्या घरातील एका मुलीने मराठीत एक ओळ लिहिली आणि सबंध पानिपत आम्हांला पुन्हा शिकविले. हा आमचा ऑटलॉक; किंवा खरे म्हणजे हीच आमची राणेखान.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे मोठा वैज्ञानिक होऊन खरोखरच ते यंत्र बनविले, तर खुशाल भूतकाळात जा. म्हातारे झालो असलो तरी आम्हांलाही बरोबर न्या. तेनोच्तित्लानची फुलांची बाग पाहू, कोको पिऊ, भाऊसाहेबांची छावणी लांबून पाहू. मात्र लढाई फिरविण्याच्या नादाला न लागता एक बैल तेवढा बरोबर घेऊ. आणि यंत्र तयार होईपर्यंत आपल्याला स्वस्थ बसण्याचे कारण नाही. उद्याच्या मुलांना ज्या दिवसाचा इतिहास वाचावा लागणार आहे, तो आजचा दिवस आपल्या हातात आहे, आणि वर्गात आपल्या शेजारच्या बाकावर कोणीतरी बसलेले आहे.